भिलाईची भट्टी आणि युरोपचा कार्बन-हिशेब

भिलाई (छत्तीसगड) : युरोपीय संघाच्या बंदरात उतरणाऱ्या परदेशी पोलादाच्या प्रत्येक टनाबरोबर आता आणखी एक आकडा सादर करावा लागतो. तो म्हणजे ते पोलाद घडताना किती कार्बन डाय-ऑक्साइड वायू हवेत गेला. १ ऑक्टोबर २०२३ पासून हा आकडा केवळ कळवायचा होता. १ जानेवारी २०२६ पासून त्याला किंमत लागू झाली आहे. ‘कार्बन सीमा समायोजन यंत्रणा’ अर्थात सीबीएएम या नावाने ओळखली जाणारी ही व्यवस्था हवामानरक्षणाचा उपाय म्हणून मांडली गेली असली, तरी तिच्यामुळे युरोप आणि विकसनशील देश यांच्यातील संबंधांचे स्वरूपच पालटले आहे. सवलत आणि मदत या दोन साधनांवर उभे राहिलेले हे नाते आता निकष आणि मोजमाप यांच्या आधारे चालू लागले आहे. या बदलाचा अर्थ समजून घ्यायचा तर भिलाईइतके बोलके उदाहरण देशात शोधून सापडणे कठीण.

भिलाईचा पोलाद कारखाना हाच मुळी परदेशी साहाय्यातून उभा राहिला. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात दहा लाख टन वार्षिक क्षमतेच्या कारखान्याचा करार झाला. त्या दिवशी दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती. भोपाळ आणि पुढे रायपूर हे नंतरचे टप्पे. सोव्हिएत कर्जाचा व्याजदर होता अडीच टक्के आणि परतफेड बारा वार्षिक हप्त्यांत, तीही रुपयांत करावयाची होती. परकीय चलनाची चणचण असलेल्या देशाला ही अट कर्जाच्या रकमेइतकीच मोलाची होती. त्याच सुमारास पश्चिम जर्मनीच्या क्रुप आणि देमाग या कंपन्यांच्या साहाय्याने रूरकेला आणि ब्रिटिश कंपन्यांच्या साहाय्याने दुर्गापूर येथे कारखाने उभे राहत होते. त्या दोन्हींसाठीच्या कर्जांवरील व्याज सोव्हिएत दरापेक्षा बरेच अधिक होते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या मैत्रीची खूण म्हणून १९७२ मध्ये उभारलेली ‘मैत्री बाग’ आजही शहरातले लोकप्रिय ठिकाण आहे. कर्ज देणारा देश मात्र नकाशावरून केव्हाच नाहीसा झाला.

युरोपीय संघाचा उगमही पोलादातच आहे. फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी १८ एप्रिल १९५१ रोजी पॅरिस येथे जो करार केला, तो कोळसा आणि पोलाद समुदायाचा. पुन्हा युद्ध होऊ नये म्हणून युद्धसामग्रीचा कच्चा मालच सामाईक देखरेखीखाली आणावा, हा त्यामागचा विचार. १९५७ च्या रोम करारातून युरोपीय आर्थिक समुदाय आकारास आला आणि सदस्य देशांच्या तत्कालीन वसाहतींचे काय करायचे हा प्रश्न पहिल्या दिवसापासून त्याच्यासमोर उभा राहिला.

त्याचे उत्तर समुदायाने उतरंड रचून दिले. आफ्रिका, कॅरिबियन आणि पॅसिफिकमधील जुन्या वसाहती सर्वांत जवळच्या मानल्या गेल्या. २८ फेब्रुवारी १९७५ च्या लोमे करारानुसार अशा ४६ देशांना बाजारपेठेत प्रवेश आणि विकासनिधी दोन्ही मिळू लागले. आकाराने प्रचंड आणि औद्योगिकदृष्ट्या त्या मानाने पुढारलेला भारत या वर्तुळात कधीच घेतला गेला नाही. १ जानेवारी १९७३ रोजी ब्रिटन समुदायात सामील झाल्यावर राष्ट्रकुलाच्या नात्याने ब्रिटिश बाजारात मिळणारी सवलतही भारताच्या हातून निसटू लागली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये समुदायाने भारताशी व्यापारी सहकार्याचा स्वतंत्र करार केला, तो या हानीची काही प्रमाणात भरपाई म्हणून. भारताच्या वाट्याला प्रत्यक्षात आली ती १९७१ पासून लागू झालेली सर्वसाधारण पसंती योजना, म्हणजे विकसनशील देशांच्या मालावरील आयात कर एकतर्फी कमी करण्याची व्यवस्था. २००१ मध्ये अत्यल्प विकसित देशांसाठी शस्त्रास्त्रे वगळता सर्व माल करमुक्त झाला. बांगलादेशाचे कपडे युरोपात शून्य कराने जातात आणि तिरुपूरच्या कपड्यांना कर भरावा लागतो, यामागे हीच उतरंड आहे.

पोलादाच्या बाबतीत या सवलतीची कथा वेगळी आहे. युरोपात बहुतेक प्रकारच्या पोलादावर सर्वसाधारण आयात करच शून्य आहे. जिथे करच नाही, तिथे करसवलतीला अर्थ उरत नाही. त्यामुळे भिलाईसारख्या कारखान्याला युरोपच्या पसंती योजनेचा लाभ नगण्य होता. खरा अडसर कराचा नसून प्रमाणाचा होता. अमेरिकेने २०१८ मध्ये पोलादावर जादा कर लावल्यानंतर तिकडे न जाणारा माल आपल्याकडे लोटू नये म्हणून युरोपने संरक्षक कोटा लागू केला. कोट्याबाहेरच्या मालावर २५ टक्के कर बसला. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी युरोपीय आयोगाने त्याहून कठोर प्रस्ताव मांडला. त्यात करमुक्त कोटा ४७ टक्क्यांनी कमी करून वर्षाला १ कोटी ८३ लाख टनांवर आणायचा आणि त्यापलीकडच्या मालावर ५० टक्के कर घ्यायचा, असे सुचवले गेले. हवामानाशी याचा काहीही संबंध नाही. हे सरळ बाजारसंरक्षण आहे. कार्बन-आकारणीच्या हेतूंबद्दल विकसनशील देशांत जो संशय व्यक्त होतो, त्याला या कोट्यांनी खतपाणी घातले आहे.

मदतीचाही इतिहास आहे आणि तो कृतज्ञतेने सांगण्यासारखा आहे. १९७० मध्ये सुरू झालेल्या दुग्धविकासाच्या ‘ऑपरेशन फ्लड’ला समुदायाने आपल्याकडील शिलकी दूध पावडर आणि लोण्याचे तेल देणगीदाखल दिले. ते फुकट न वाटता त्यापासून दूध बनवून विकायचे आणि आलेल्या पैशातून दुग्धसंघ उभारायचे, ही योजना भारतीय होती. युरोपला आपल्या कोठारांतला भार हलका करायचा होता, भारताने त्यातून उद्योग उभा केला. पुढे अविभाजित मध्य प्रदेशातील जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाला युरोपचे अनुदान मिळाले. छत्तीसगड वेगळे राज्य झाल्यावर आरोग्य, शिक्षण आणि वनाधारित उपजीविका यांसाठी सुमारे ८ कोटी युरोंचा भागीदारी कार्यक्रमही राबवला गेला. २०१४ पासून मात्र भारत नव्या द्विपक्षीय अनुदानास पात्र राहिला नाही. मध्यम उत्पन्नाच्या देशाने स्वतःच्या पायावर उभे राहावे, हा त्यामागचा तर्क. तर्क चुकीचा नव्हता. पण अनुदान थांबले आणि दहा वर्षांच्या आत कार्बनचा हिशेब मागणारी यंत्रणा दारात आली, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे.

हिशेब नेमका कसा होतो?

युरोपात २००५ पासून कारखान्यांना कार्बन उत्सर्जनासाठी परवाने घ्यावे लागतात. पोलाद, सिमेंट यांसारख्या उद्योगांना आजवर त्यांतील बराच भाग मोफत मिळत असे. कारण हे परवाने विकत घ्यायला लावले असते, तर कारखाने नियम शिथिल असलेल्या देशांत गेले असते आणि उत्सर्जन तेवढेच राहिले असते. आता मोफत परवाने टप्प्याटप्प्याने संपवले जात आहेत आणि तेवढ्याच प्रमाणात आयात मालावर आकारणी सुरू होत आहे. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन आणि वीज ही सध्याची सहा क्षेत्रे. घरच्या कारखान्याला जो खर्च, तोच बाहेरच्याला, असे युरोपचे म्हणणे आहे आणि त्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही.

वेळापत्रक वरकरणी सौम्य दिसते. २०२६ मध्ये अडीच टक्के, २०२७ मध्ये पाच, २०२८ मध्ये दहा, २०३० मध्ये साडेअठ्ठेचाळीस आणि २०३४ मध्ये शंभर टक्के. त्यामुळे पहिली काही वर्षे विशेष झळ बसणार नाही, असा समज अनेकांचा झाला. तो अपुरा आहे. सूट मोजली जाते ती युरोपने ठरवलेल्या मानक उत्सर्जनावर, कारखान्याच्या प्रत्यक्ष उत्सर्जनावर नव्हे. मानकाच्या वर जो काही धूर निघतो, त्याचे पैसे पहिल्याच वर्षापासून पूर्ण लागतात.

एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, मानक टनामागे १.४ टन कार्बन डाय-ऑक्साइडचे आहे, एखाद्या भारतीय कारखान्याचे उत्सर्जन २.४ टन आहे आणि परवान्याचा भाव ७५ युरो आहे. २०२६ मध्ये मानकाच्या साडेसत्त्याण्णव टक्के, म्हणजे सुमारे १.३७ टन वजा होईल. उरलेल्या जवळपास १.०३ टनाचे सुमारे ७८ युरो भरावे लागतील. पोलादाचा भाव टनाला ६०० युरो धरला, तर ही तेरा टक्के किंमत झाली. मानकाइतकेच उत्सर्जन असलेल्या कारखान्याला त्याच वर्षी तीन युरोंहूनही कमी भरावे लागतील. २०३० मध्ये भारतीय कारखान्याची रक्कम सुमारे १२६ युरो आणि २०३४ मध्ये १८० युरो होईल. पण दोघांमधील ७५ युरोंचे अंतर पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत तेवढेच राहील. बाजारात टिकायचे की नाही, हे या अंतरावर ठरते.

पैसे भरतो तो युरोपातील आयातदार, निर्यातदार नव्हे. परंतु आयातदार ती रक्कम आपल्या नफ्यातून सोसेल अशी अपेक्षा व्यापारात कोणी ठेवत नाही. तो विक्रेत्याकडे भाव पाडून मागतो, नाहीतर दुसरीकडे वळतो.

भारतीय पोलादाचे सरासरी उत्सर्जन टनामागे सुमारे अडीच टन आहे. जगाची सरासरी १.९ टनांच्या आसपास. या फरकाचे कारण निष्काळजीपणात शोधणे अन्यायाचे ठरेल. जगात जुने पोलाद वितळवून नवे करण्याचे प्रमाण मोठे आहे. त्यासाठी आधी पोलाद वापरलेले असावे लागते, जुन्या इमारती, गाड्या, जहाजे भंगारात निघावी लागतात. भारतात माणशी पोलाद-वापर वर्षाला सुमारे १०० किलो आहे, जागतिक सरासरी २०० किलोहून अधिक. ज्या देशाने अजून पुरेसे बांधलेच नाही, त्याच्याकडे पुरेसे भंगार येणार कोठून? भिलाईत दल्ली राजहराच्या खाणींतील लोहखनिज कोकच्या साहाय्याने झोतभट्टीत वितळवले जाते. खनिजातून प्राणवायू काढून टाकण्याचे काम कोकमधील कार्बन करतो आणि त्यातूनच कार्बन डाय-ऑक्साइड तयार होतो. हा धूर इंधनाच्या उधळपट्टीचा नसून रासायनिक क्रियेचा आहे. कितीही काटकसर केली तरी एका मर्यादेखाली तो जात नाही. देशी कोळशात राखेचे प्रमाण जास्त, म्हणून आकडा आणखी चढतो. भिलाईहून जेमतेम ३० किलोमीटरवरच्या रायपूर परिसरात कोळशावर चालणाऱ्या स्पंज आयर्नच्या भट्ट्या आहेत. त्यांचा आकडा सहसा याहूनही वरचा असतो.

कारखाना जुना म्हणून बदलून टाकावा, असेही म्हणता येत नाही. भिलाईची ‘महामाया’ नावाची आठवी झोतभट्टी २०१८ मध्ये पेटली. ४,०६० घनमीटर आकाराची आणि दिवसाला सुमारे ८ हजार टन कच्चे लोखंड देणारी ही देशातल्या मोठ्या भट्ट्यांपैकी एक. अशी भट्टी दशकांच्या हिशेबाने बांधली जाते. तिचा निर्णय झाला तेव्हा सीबीएएमचा प्रस्तावही अस्तित्वात नव्हता. तो १४ जुलै २०२१ चा.

झळ नेमकी कोणाला?

भिलाईचे नाव घेतले की रेल्वेचे रूळ आठवतात. येथे १३० मीटर लांबीचा रूळ तयार होतो आणि दोन जोडून २६० मीटरचा अखंड रूळ रेल्वेला दिला जातो. हे रूळ प्रामुख्याने देशातच अंथरले जातात. त्यामुळे युरोपच्या आकारणीने भिलाईचा मुख्य कारखाना उद्या अडचणीत येईल, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. आकारणीचा मार्ग आडवळणाचा आहे. कारखान्यातून निघणाऱ्या प्लेट आणि वायर रॉडपासून पुढे लहान उद्योग बोल्ट-नट, सांगाडे, जोडसामान बनवतात. युरोपच्या यादीत या वस्तूही आहेत. त्यांच्यावरील हिशेबात मूळ पोलादाचे उत्सर्जनही धरले जाते. म्हणजे पुणे, लुधियाना किंवा भिलाईच्याच औद्योगिक वसाहतीतला बोल्ट बनवणारा उद्योजक स्वतःच्या कारखान्यात फारसा धूर काढत नसला, तरी ज्या भट्टीतून त्याची सळई आली तिचा धूर त्याच्या खात्यावर चढतो.

त्यासाठी त्याला पोलादाच्या प्रत्येक खेपेचा उगम, त्या भट्टीचा पडताळलेला आकडा आणि स्वतःच्या इंधनाची नोंद ठेवावी लागते. मान्यताप्राप्त पडताळणी संस्थेकडून ती तपासून घ्यावी लागते. नोंद नसेल, तर युरोपीय आयोगाने देशनिहाय ठरवलेली आणि मुद्दाम चढी ठेवलेली गृहीत मूल्ये लागू होतात. मोठ्या कंपनीकडे यासाठी स्वतंत्र विभाग असतो. पंधरा-वीस कामगारांच्या कारखान्यात मालकच हिशेबनीस असतो आणि तोच खरेदी-विक्रीही पाहतो. त्याने चार व्यापाऱ्यांकडून मिश्र माल उचललेला असतो. कागद मिळत नाही म्हणून तो प्रत्यक्षापेक्षा जास्त ‘मलिन’ ठरतो. वर्षाला ५० टनांपर्यंत माल आणणाऱ्या आयातदाराला २०२५ मध्ये सूट देण्यात आली, तिचा दिलासा मर्यादित आहे. सूट आयातदाराच्या एकूण मालावर आहे. लहान भारतीय कारखाना मोठ्या युरोपीय खरेदीदाराला विकत असेल, तर तिचा त्याला उपयोग नाही.

या प्रश्नाची सर्वांत तीव्र बाजू मात्र भारतात नाही, मोझांबिकमध्ये आहे. अत्यल्प विकसित म्हणून युरोपच्या बाजारात करमुक्त प्रवेश असलेला, युरोपचीच मदत घेणारा हा देश. त्याच्या निर्यातीत ॲल्युमिनियमचा वाटा मोठा होता आणि त्याचे मुख्य गिऱ्हाईक युरोप होते. कार्बन-आकारणीत अशा देशांना सरसकट सूट दिलेली नाही. करसवलत देणारा हात आणि आकारणी करणारा हात एकाच संघाचे आहेत. आकारणीतून जमा होणारा पैसा विकसनशील देशांतील भट्ट्या बदलण्यासाठी राखून ठेवण्याची सक्तीची तरतूदही कायद्यात नाही; त्यातील मोठा भाग संघाच्या सामाईक अंदाजपत्रकात नेण्याचा आयोगाचा प्रस्ताव आहे. १९९२ च्या हवामान करारात समान परंतु भिन्न जबाबदारीचे तत्त्व मान्य झाले होते. ज्यांनी आधी आणि अधिक धूर सोडला त्यांनी अधिक भार उचलावा, असा त्याचा आशय. सीबीएएम टन मोजते, इतिहास मोजत नाही. भारताचा मुख्य आक्षेप तोच आहे आणि जागतिक व्यापार संघटनेत तो मांडलाही गेला आहे.

युरोप आपल्या भट्ट्या कशा बदलतो, ते पाहिल्यावर या आक्षेपाचे वजन कळते. जुलै २०२३ मध्ये जर्मनीतील ड्युइसबुर्ग येथील थिसेनक्रुप कंपनीला हायड्रोजनकडे वळण्यासाठी सुमारे दोन अब्ज युरोंचे सरकारी साहाय्य देण्यास आयोगाने मंजुरी दिली. रूरकेला उभारणाऱ्या क्रुपचाच वारसा ही कंपनी सांगते. तरीही हे संक्रमण सोपे नाही. जून २०२५ मध्ये आर्सेलर मित्तलने जर्मनीतील दोन कारखान्यांसाठी मंजूर झालेले १.३ अब्ज युरोंचे साहाय्य बाजूला ठेवून तो प्रकल्पच सोडून दिला. वीज आणि हायड्रोजन परवडत नाहीत, असे कारण त्यामागे होते. जिथे सरकारी तिजोरी इतकी उघडी आहे तिथे ही स्थिती, तर अनुदानही नाही आणि स्वस्त हायड्रोजनही नाही अशा ठिकाणी पोलाद उद्योगाने काय करावे?

भारताच्या हाती एक मार्ग आहे. मूळ देशात कार्बनची किंमत भरली असेल, तर युरोप ती वजा करतो. म्हणजे तोच पैसा येथे गोळा झाला, तर तो ब्रुसेल्सला न जाता देशातच भट्ट्या सुधारण्यासाठी वापरता येईल. २०२२ च्या ऊर्जा संवर्धन दुरुस्ती कायद्यानंतर जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित झाली. लोखंड-पोलाद हे तिच्यातील एक क्षेत्र. डिसेंबर २०२४ मध्ये ‘हरित पोलादा’ची व्याख्याही निश्चित झाली, टनामागे २.२ टनांहून कमी उत्सर्जन असलेले पोलाद त्यात बसते आणि १.६ टनांखाली पाच तारांकित दर्जा मिळतो. अडचण अशी की भारतीय योजना प्रत्येक टनावर किंमत आकारत नाही. ठरवून दिलेल्या लक्ष्यापेक्षा जास्त उत्सर्जन झाले तरच क्रेडिट घ्यावे लागते. अशी अंशतः भरलेली किंमत युरोप किती मानणार, यावर वजावटीचे सारे गणित अवलंबून आहे. कोळशावर २०१० मध्ये टनामागे ५० रुपये आणि २०१६ पर्यंत ४०० रुपये झालेला उपकर हीसुद्धा कार्बनची किंमतच होती, असा युक्तिवाद भारतात केला जातो. पण त्या उपकराचे नाव वेगळे, हेतू वेगळा, आणि वस्तू व सेवा करानंतर त्याची रक्कम राज्यांच्या भरपाईकडे वळलेली. वजावटीच्या कागदावर तो बसवणे सोपे नाही.

मुक्त व्यापाराच्या वाटाघाटी हा दुसरा मार्ग होता. २००७ मध्ये सुरू होऊन २०१३ मध्ये थांबलेल्या या वाटाघाटी जून २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाल्या. दोन्ही बाजूंमधील वस्तूव्यापार २०२४ मध्ये सुमारे १२० अब्ज युरोंचा होता, त्यामुळे त्यांचे महत्त्व उघड आहे. मात्र आयात कर कितीही खाली आणले, तरी कार्बन-आकारणी हा युरोपच्या लेखी कर नसून पर्यावरणीय नियम आहे. कराच्या तक्त्यात तो येतच नाही.

तूर्त भिलाई, रायपूर आणि पुण्यातील निर्यातदारांसमोर असलेल्या तारखा अशा आहेत. २०२६ मध्ये पाठवलेल्या मालाचे उत्सर्जन त्याच वर्षाच्या नोंदींवरून ठरेल. त्यासाठीची प्रमाणपत्रे युरोपीय आयातदारांना फेब्रुवारी २०२७ पासून विकत मिळतील आणि पहिले वार्षिक विवरणपत्र त्यांनी ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत सादर करायचे आहे. पैसे उशिरा भरायचे असले, तरी भट्टीशेजारचा मापक आणि खरेदीची वही यांतले आकडे आजचेच लागणार आहेत.